पाठ केलेले जाते कोठे? : ताण, मेंदू आणि मुलांचे शिक्षण

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांपूर्वी एखाद्या आरोग्यविषयाची सविस्तर माहिती द्यावी, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय आम्हांस बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदवहीने सुचविला. जानेवारी लागला की डोकेदुखी, पोटदुखी, मळमळ, चक्कर, छातीत धडधड, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन येणारी शाळकरी मुले अधिक दिसू लागतात. मार्चअखेरपर्यंत हा ओघ चालतो आणि एप्रिल उजाडताच ओसरतो. साथीचा कोणताही आजार बोर्डाचे वेळापत्रक पाहून येत नाही. तेव्हा ही साथ वेगळी आहे, हे उघड होते. आमच्या ध्यानात ते यावयास मात्र उशीर लागला.

किती उशीर लागला, हे एका मुलीच्या हकिकतीवरून सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ही मुलगी दहावीत शिकत होती. दिवाळीनंतर तिला पोटदुखीसाठी प्रथम आणले तेव्हा आम्ही जंताचे व पित्ताचे औषध दिले. दुसऱ्या खेपेस रक्त व लघवी तपासली. तिसऱ्या खेपेस सोनोग्राफी केली. सर्व अहवाल निर्दोष आले. चौथ्या खेपेस सराव परीक्षेच्या पेपरातच तिला उलटी झाली, म्हणून शाळेतून थेट येथे आणले. सलाइन लावताना आमच्या एका ज्येष्ठ परिचारिकेने सहज विचारले, "घरी कसं चाललंय बाई?" त्यासरशी ती मुलगी रडू लागली आणि पाऊण तास बोलत राहिली. सोयाबीन पावसात भिजले होते. सोसायटीचे कर्ज थकले होते. दिवाळीपासून वडील कोणाशी धड बोलत नव्हते. दहावीत नापास झाली तर हिचे हात पिवळे करून टाकू, हे मामांचे बोलणे तिने स्वयंपाकघरातून ऐकले होते. आई बाजूस उभी होती. ती म्हणाली, "रात्र रात्र वाचते जी, पण पोरीच्या डोक्यात काहीच राहत नाही. सकाळी इचारलं का कोरी."

हा प्रश्न पहिल्या खेपेस विचारला गेला असता तर त्या कुटुंबाचे तीन हेलपाटे व सोनोग्राफीचा खर्च वाचला असता. चूक आमची होती. आईच्या त्या एका वाक्याचे उत्तरही आम्ही तेव्हा नीट देऊ शकलो नाही. रात्र रात्र वाचूनही डोक्यात काहीच का राहत नाही? पाठ केलेले जाते कोठे? पुढील पानांत त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे.

मार्च महिना

आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. शेती बहुतांशी पावसावर. सोयाबीन, तूर आणि कापूस ही मुख्य पिके. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशीम होता. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यांतही तो होता. २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील इतर तीन जिल्ह्यांबरोबर त्याचे नाव आले. शेतकऱ्याच्या मनावरील ओझ्याविषयी गेली वीस वर्षे पुष्कळ लिहिले-बोलले गेले व ते आवश्यकच होते. परंतु ज्या घरात ते ओझे होते त्याच घरात, बहुधा त्याच खोलीत, कोणी एक मूल बल्बखाली बसून गृहपाठ करीत होते. त्याची विचारपूस क्वचितच झाली.

पीककर्ज फेडण्याची मुदत ३१ मार्च आणि बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. शहरातील मुलांना परीक्षेचा ताण असतोच. आपल्याकडील मुलांना परीक्षा आणि घरातील वसुली यांस एकाच महिन्यात तोंड द्यावे लागते. काही घरांतील आईवडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले असतात आणि मूल आजीजवळ राहून दहावीचा अभ्यास करते. ज्या घरी थोडी ऐपत आहे, तेथे मूल अकोल्यास वा लातूरला 'नीट'च्या शिकवणीसाठी ठेवलेले असते. खोलीभाडे, मेस व फी यांसाठी एखादे वावर गहाण पडलेले असते आणि मुलास ते ठाऊक असते.

मेंदूत काय घडते

वाटेत साप दिसला की विचार करण्याआधीच पाय मागे येतो. हे काम मेंदूच्या आत, कानांच्या पातळीवर दोन्ही बाजूंस असलेल्या बदामाएवढ्या भागाचे. त्यास अमिग्डाला म्हणतात. धोका जाणवताच हा भाग इशारा देतो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक क्षणार्धात रक्तात येते. हृदय जोरात चालते, हाताला घाम सुटतो, पोटातील पचनाचे काम थांबते. पेपरापूर्वी पोटात गोळा येतो, तो हाच. पाठोपाठ मेंदूतील हायपोथॅलॅमस व पियुषिका ग्रंथी यांच्या आज्ञेने कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक स्रवते. त्याचे रक्तातील प्रमाण साधारण वीस ते तीस मिनिटांत शिखरास पोहोचते.

कॉर्टिसॉल हे विष नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. दररोज पहाटे ते वाढते म्हणूनच आपण ताजेतवाने उठतो. थोडा ताण अभ्यासासही उपकारक असतो. १९०८ साली यर्क्स व डॉडसन या दोघा अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, अवघड गोष्ट शिकताना मध्यम उत्तेजनेचा उपयोग होतो. ती फार वाढली की शिकणे मंदावते. चाचणीची तारीख जवळ आल्याखेरीज पुस्तक उघडावेसे वाटत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव त्याच जातीचा आहे. प्रश्न असतो तो ताण किती व किती दिवस, याचा.

१९६८ साली ब्रूस मॅकएवेन यांना असे आढळले की, या जातीचे संप्रेरक उंदराच्या मेंदूत एका विशिष्ट भागात मोठ्या प्रमाणावर पकडले जाते. तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस, अर्थात नव्या आठवणींची नोंद करणारा व जुन्या आठवणी काढून देणारा कारकून. तोवर ताण म्हणजे हृदय व जठर यांचा विषय अशी समजूत होती. शिकण्याचे व आठवण्याचे जे ठिकाण, तेथेच ताणाच्या संप्रेरकाला थेट प्रवेश आहे, हे त्या दिवसापासून कळले.

तिसरा भाग कपाळामागचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. हातचा धरून ठेवणे, एका उदाहरणातील पायऱ्या क्रमाने करणे, बाहेरच्या बँडच्या आवाजाकडे दुर्लक्ष करणे, उत्तर चुकले तर दुसरी रीत शोधणे ही सारी कामे त्याची. हा भाग पूर्ण परिपक्व व्हावयास वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे दहावीच्या मुलाजवळ तो अद्याप बांधकामात असतो. भीती वाढली की याच भागाचे काम सर्वांत आधी मंदावते आणि सूत्रे अमिग्डालाकडे जातात. साप समोर असता विचार करीत उभे राहणे परवडणारे नसते, म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. गणिताच्या पेपरात तीच सोय मुलाच्या मुळावर येते.

"सारं येत होतं, पेपर हाती आला अन् डोकं कोरं झालं," असे मुले सांगतात व मोठी माणसे त्यास सबब समजतात. २००० साली झुरिच येथील डॉमिनिक द कर्व्हँ व सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना काही शब्द पाठ करावयास दिले. दुसऱ्या दिवशी ते आठवण्यापूर्वी एक तास कॉर्टिसोनची गोळी दिली असता त्यांना शब्द कमी आठवले. तीच गोळी पाठ करण्यापूर्वी अथवा पाठ केल्यावर लगेच दिली तर मात्र तसा परिणाम दिसला नाही. शब्द पुसले गेले नव्हते. ऐन वेळी ते बाहेर काढता आले नाहीत. आमच्या भागातील पालकांना आम्ही हे असे समजावतो : विहिरीला पाणी आहे, मोटरही शाबूत आहे, पण लाइन गेली आहे. अशा वेळी विहीर आटली म्हणून कोणी नवी खोदत नाही.

घरी आल्यावर, चहा पिताना, तेच उत्तर मुलास धडाधड आठवते. त्यावर त्यास आणखी बोलणी बसतात.

ताण महिनोन् महिने राहिला तर

एका पेपराची भीती पेपर संपला की उतरते. घरातील ताण तसा उतरत नाही. अशा दीर्घ ताणाचा मेंदूवर काय परिणाम होतो, याचा एक महत्त्वाचा शोध आपल्याच देशात लागला. बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील सुमंत्र चटर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास, हालचाल करता येणार नाही असे बंदिस्त ठेवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात आढळले की, हिप्पोकॅम्पसमधील पेशींच्या फांद्या आखूड झाल्या, तर अमिग्डालातील पेशींच्या फांद्या वाढल्या. झाडाची एक बाजू वाळावी आणि दुसरीला पालवी फुटावी, तसे. पुढे २००४ साली त्यांनीच दाखविले की, ताण थांबवून एकवीस दिवस गेल्यावर हिप्पोकॅम्पस पूर्ववत होऊ लागतो. अमिग्डालातील वाढ मात्र टिकून राहते. उंदीर म्हणजे मूल नव्हे, हे खरे. तरीही चपराक बसलेल्या तासाचे गणित विसरणारा आणि ती चपराक मात्र चाळिसाव्या वर्षीही न विसरणारा माणूस आपणांपैकी प्रत्येकाच्या माहितीत असेल.

माणसांविषयीचा पुरावा अधिक आशादायक आहे. २००९ साली अमेरिकेत लिस्टन, मॅकएवेन व केसी यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मेंदू एमआरआय यंत्राद्वारे अभ्यासला. मोठ्या परीक्षेची महिनाभर तयारी केलेल्या व ताणाखाली असलेल्या विद्यार्थ्यांना एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळविणे जड जात होते आणि कपाळामागील भागाचे इतर भागांशी असलेले संधान ढिले पडले होते. परीक्षेनंतर महिनाभर मोकळीक मिळताच दोन्ही गोष्टी पूर्ववत झाल्या. हे सारे बुद्धिमान, सुखवस्तू विद्यार्थी होते. तेव्हा ताणाखाली बुद्धी मंदावणे हा दुबळ्या मनाचा दोष होय, असे म्हणण्यास आधार उरत नाही.

आणि हे केवळ मुलांपुरते नाही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतील ऊस उत्पादकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ४६४ शेतकऱ्यांना बुद्धीच्या त्याच त्या चाचण्या दोन वेळा दिल्या : एकदा हंगामापूर्वी, हाती पैसा नसताना, आणि एकदा ऊस विकून पैसे आल्यावर. तोच शेतकरी, परंतु तंगीच्या दिवसांत त्याचे गुण कमी भरले. डोक्यातील जागा काळजीने व्यापली की उरलेल्या कामाला ती कमी पडते. मुलाच्या वहीत न डोकावणारा, साध्या प्रश्नावर खेकसणारा बाप नेहमीच बेफिकीर असतो असे नाही. त्याचे मनही त्याच मार्चमध्ये अडकलेले असते. आम्ही समुपदेशनास शक्य तेव्हा वडिलांनाही बोलावतो, त्याचे कारण हे आहे. ते बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या बोलावण्यास येतात, दाराशी उभे राहतात, आणि एकदा बसले की मुलापेक्षा अधिक बोलतात.

वर्गात काय घडते

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई आहे. छडी पुष्कळ कमी झाली, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'मानसिक छळ' या शब्दांकडे अद्याप कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. सर्वांसमोर गुण वाचून दाखविणे, 'ढ' मुलांची वेगळी रांग करणे, फी थकली म्हणून उभे करणे या गोष्टींनी अंगावर वळ उठत नाहीत, म्हणून त्या शिक्षेत गणल्या जात नाहीत. अमिग्डालाला मात्र छडी व अपमान यांतील भेद फारसा कळत नाही. जो विद्यार्थी आपले नाव पुकारले जाईल या धास्तीने तास काढतो, त्याच्या कानावर धडा पडतो. तो नोंदला जातोच असे नाही.

शिक्षकांविषयी येथे दोन शब्द लिहिणे न्याय्य होईल. मतदारयाद्या, निरनिराळी सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळणे यांत त्यांचाही जीव मेटाकुटीस येतो. आमच्याकडे रक्तदाब व निद्रानाश यांसाठी येणाऱ्यांत शिक्षक कमी नाहीत. तरीही आम्ही पाहिले आहे की, ज्या मुलाचे एका तरी गुरुजींशी वा मॅडमशी जमते, ते मूल घरचा ताण बराच सोसून नेते. उत्तर चुकल्यावर "बरं, कुठवर आलं ते सांग" असे म्हणणारा शिक्षक मुलाच्या मेंदूसाठी जे करतो, ते आमच्या औषधालयातील कोणत्याही बाटलीत नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी देशभरातील शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ असावा आणि गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत लाजविणे या गोष्टी टाळाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. मात्र ग्रामीण भागात इतके प्रशिक्षित समुपदेशक मिळणे सोपे नाही. दूर अंतरे, थोडी माणसे, हीच अडचण मोठ्यांच्या मानसिक आजारांतही आहे. तरीही शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या उपक्रमात गावातीलच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर पाठविले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या शहराची वाट न पाहता काही करता येते, असा धीर आम्हांस त्यातून आला.

प्रत्येक वेळी ताणच असतो असे नाही

ताणाचा शोध लागला म्हणून प्रत्येक दुखण्यावर तोच शिक्का मारणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. फळा दिसत नसल्याने मागे पडलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना समुपदेशन नव्हे, चष्मा हवा होता. आपल्या राज्यात किशोरवयीन मुलींत रक्तक्षय फार आढळतो आणि लोह कमी पडले की थकवा येतो, लक्ष लागत नाही. शाळेत आठवड्यास मिळणारी लोहाची गोळी मळमळते म्हणून दप्तरात वा खिडकीबाहेर जाते; ती जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. कानातून पू येणारे मूल अर्धे ऐकते. काही मुलांना इतर सर्व समजते, परंतु अक्षरे व अंक जुळवणे जमत नाही; त्यास अध्ययन अक्षमता म्हणतात आणि योग्य प्रमाणपत्र असल्यास बोर्ड अशा मुलांना परीक्षेत सवलती देते. वर्गात क्षणभर टक लावून गप्प होणाऱ्या मुलास फीट येत असण्याची शक्यता असते. झोपेतून उठविणारी डोकेदुखी, सकाळच्या उलट्यांसह वाढत जाणारी डोकेदुखी, वजन घटणे, ताप, शौचातून रक्त ही लक्षणे असतील तर तपासण्या तातडीने झाल्याच पाहिजेत. ही लक्षणे नसताना केवळ समाधानासाठी सीटी स्कॅन करण्याचा आग्रह पालकांनी धरू नये. अकोल्यास जाऊन तो करून आलेल्या कित्येक फाइली आम्ही पाहतो. त्या पैशांत मुलाची वर्षभराची पुस्तके आली असती.

काय करता येते

प्रथम झोप. दिवसा वाचलेले गाढ झोपेत पक्के होते. हिप्पोकॅम्पसमधील कच्ची नोंद मेंदूच्या इतर भागांत त्या वेळी उतरविली जाते. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री दोनपर्यंत चहा पिऊन जागणारे मूल पेरणी करून बियाणे उघड्यावर टाकते. उपरोक्त मुलीच्या आईस आम्ही प्रथम हेच सांगितले, आणि तिला ते मुळीच पटले नाही. परीक्षा तोंडावर असताना डॉक्टर झोपायला सांगतात, हा तिला अडाणीपणा वाटला.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या रीतीची. तोच धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून स्वतःस प्रश्न विचारणे, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिणे आणि मग पडताळणे अधिक टिकते. २०१६ साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात १२० जणांवर झालेल्या प्रयोगात, अशा रीतीने शिकलेल्यांची स्मृती ताण दिल्यानंतरही ढळली नाही; नुसते वाचून शिकलेल्यांची ढळली. यास एक पैसाही लागत नाही. धाकट्या भावंडास अथवा आजीस धडा समजावून सांगणे हाही त्याचाच प्रकार.

परीक्षेपूर्वी दहा मिनिटे मनातील भीती कागदावर लिहून काढल्यास गुण सुधारतात, असा एक प्रयोग २०११ साली गाजला होता. पुढे इतरांनी तो पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. म्हणून आम्ही तो उपाय म्हणून सांगत नाही. लिहून कोणास मोकळे वाटत असेल तर लिहावे, इतकेच. सावकाश श्वास सोडण्याने हृदयाची धडधड कमी होते, हे मात्र खरे आहे आणि पेपर हाती येण्यापूर्वी ते बाकावर बसून करता येते.

घरातील अडचण मुलापासून लपवू नये, असे आमचे मत झाले आहे. मुलांना सर्व ऐकू जाते. अर्धवट ऐकलेले अधिक भिववते. "कर्ज आहे, ते मोठी माणसं पाहतील, तुझ्या मार्कांवर ते फिटायचं नाही," एवढे वडिलांनी तोंडाने म्हटले तरी मुलाच्या खांद्यावरील बरेच काही उतरते.

एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिणे भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी जीवन संपविले. त्यांपैकी १,८३४ महाराष्ट्रातील होते; ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. मूल अचानक एकटे राहू लागले, आवडते खेळ व मित्र सोडले, आपल्या वस्तू वाटू लागले, "मी नसलो तर बरं" असे बोलले तर ते नाटक समजू नये. त्यास थेट व शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात भरवला जात नाही. त्यास एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. फवारणीची औषधे घरात उघडी न ठेवता कुलपात ठेवावीत. केंद्र शासनाची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

आपल्या रुग्णालयात आता बालरुग्ण विभागाशेजारची औषधांची जुनी खोली रिकामी करून तेथे एक टेबल व तीन खुर्च्या ठेवल्या आहेत. खोलीस दार आहे, हे तिचे मुख्य वैशिष्ट्य. रांगेत उभ्या असलेल्या गावकऱ्यांसमोर कोणतेही मूल बोलत नाही. वारंवार दुखणे घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलाचे वजन, हिमोग्लोबिन व दृष्टी तपासल्यानंतर परिचारिका त्यास तेथे बसवून झोप, जेवण, शाळा आणि घर यांविषयी विचारतात. तपासण्या त्यानंतर. मुलास आणताना त्याच्या वह्या आणाव्यात. अक्षर केव्हापासून बिघडले, हे वही सांगते. शाळेतील शिक्षकांशी बोलावयाचे असल्यास पालकांच्या व मुलाच्या संमतीनेच आम्ही बोलतो.

ती मुलगी मार्चमध्ये गणितात नापास झाली. २०१५ पासून बोर्ड दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी घेते, त्यामुळे तिचे वर्ष वाया गेले नाही. निकाल लागल्यापासून त्या परीक्षेपर्यंत ती दर आठवड्यास एस.टी.ने येऊन त्या खोलीत बसत असे. तिसऱ्या आठवड्यात वडील बरोबर आले. मामांशी काय बोलायचे, हे त्यांनी स्वतःच ठरविले. आम्ही त्यात पडलो नाही. पुरवणीत ती उत्तीर्ण झाली. सध्या अकरावीत शिकते. पोटदुखीसाठी ती पुन्हा आलेली नाही. मध्यंतरी धाकट्या भावाला घेऊन आली होती. त्याला फळा दिसत नाही, असे तिच्याच लक्षात आले होते.